एकपाठी

“पाठांतर नको. वाचा,” बाई म्हणाल्या.

अभिनेत्रीनं पत्रातल्या पहिल्या शब्दाखाली पुन्हा बोट ठेवलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ती वाचायला शिकत होती. खालच्या मजल्यावरच्या या निवृत्त शिक्षिकेला तिनं पहिल्याच दिवशी शपथ घातली होती, कुठं बोलायचं नाही म्हणून. चार महिन्यांत बाराखडी झाली. “आता तोंडपाठ असलेलं काहीतरी घ्या, अक्षरं लवकर लागतील,” असं बाईच म्हणाल्या आणि तिनं वडिलांची पत्रं काढली.

एकशे बारा चित्रपटांत तिनं कधी हातात कागद धरला नाही. दिग्दर्शक कौतुकानं सांगत, “एकपाठी आहे!” खरी गोष्ट फक्त तिचे केस करणाऱ्या आकडेताईला ठाऊक होती. केसांचे आकडे सदा दातांत, म्हणून हे नाव. आरशाखाली संवादांचे कागद पसरून, अंबाडा घालता घालता, ताई दातांतल्या आकड्यांआडून एकदा वाचायची. बघणाऱ्याला वाटे, पुटपुटतेय. एकदा पुरे व्हायचं.

वडिलांची पत्रंही ताईनंच वाचून दाखवली. एकवीस वर्षांत सात. प्रत्येकात तेच: आम्ही मजेत आहोत, तुझं काम सांभाळ, इकडे यायची घाई नको. म्हणून ती गेलीच नाही. वडील वारल्यावर गेली, तर भावानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बोलावूनही आली नाही याचाच हा राग, असं समजून तिनं मनाशी पक्कं धरलं: वडील बोलावत होते आणि शूटिंग बुडू नये म्हणून ताईनं ते गाळून वाचलं.

दुसऱ्याच दिवशी भर सेटवर ती ओरडली, “चोर आहे ही!” काय चोरलं ते सांगावं, तर आपलं अडाणीपण उघडं पडत होतं. लोकांनी दागिने समजून घेतले. तिनं समजू दिले. जाताना ताई कानाशी येऊन एवढंच म्हणाली, “ती पत्रं जाळून टाक.” पुरावा नष्ट करायला सांगतेय, असं अभिनेत्रीला वाटलं. ताईला त्यानंतर कुठल्याच स्टुडिओनं दारात उभं केलं नाही.

आता अठरा वर्षांनी आत्मचरित्र छपाईला निघालं होतं. त्यात ती सगळं सांगून टाकणार होती, आपलं अडाणीपण आणि ताईची चोरी. त्याआधी वडिलांचं ‘ये’ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

“आम्ही मजेत आहोत,” तिनं सुरुवात केली.

“अहो, इथं ‘आम्ही’ नाहीच. पहिलं अक्षर बघा.”

“तु… झे. तुझे. तों… ड.”

बोट अडखळत पुढं सरकलं. तुझे तोंड पुन्हा दाखवू नकोस. आम्हाला तू मेलीस.

तिनं घाईघाईनं खाली नजर फिरवली. ‘ये’ सापडलं. त्याला जोडून पुढं ‘ऊ नकोस’ होतं.

“मग ते ‘मजेत आहोत’ कुणी लिहिलं?” बाईंनी विचारलं.

अभिनेत्री उठून फोनपाशी गेली. नंबर तोंडपाठ होता.

“कोण?” पलीकडचा आवाज म्हातारा झाला होता.

“ताई, मी. वाचायला शिकले.”

“जाळ म्हटलं होतं ना? किती वाचलीस?”

“एक.” पुढं तिला ‘चोर’ हा शब्द परत घ्यायचा होता. कसा घेतात ते तिला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं.

“एकच ना? मग बाकीची सहा घेऊन ये,” ताई म्हणाली. “मी वाचून दाखवते.”