धरा हिला

“तिथंच थांब! तारेच्या आत येऊ नोको!”

कलाबाई काठी घेऊन उठली. शेततळ्याच्या कुंपणापाशी एक मेंढपाळीण उभी होती. कडेवर दीड वर्षाची पोर, हातात रिकामी कळशी. तिच्या मेंढ्या पलीकडच्या वेचून झालेल्या कपाशीत चरत होत्या.

“आई, प्यायला पाणी पाहिजे. एक कळशी.”

“दुसरीकडं पाहाय.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी याच तळ्याच्या प्लास्टिकवरून कलाबाईची नात मंजुश्री घसरली होती. चार वर्षांची. कलाबाई दहा पावलांवर निंदत होती. तेव्हापासून ती रोज इथं येऊन बसायची, परक्या माणसाला शेतात पाय ठेवू द्यायची नाही. घरी मुलगा प्रसेनजित तिला काही बोलत नसे. त्याचं धाकटं लेकरू रांगत तिच्याकडं गेलं, की तो नुसता उचलून न्यायचा.

मेंढपाळीण हलली नाही. पोरीचे ओठ सुकले होते. कलाबाईनं ते पाहिलं.

“जाय. वर तळ्याच्या बांधावर बोअरचा नळ हाये. पण लेकराले घेऊन चढू नोको.”

“मग धरा हिला.”

कलाबाई दचकून मागं सरली. “माह्या हाती देऊ नोको, बाई. माही नात याच तळ्यात गेली. मी इथंच होती. माहं ध्यान नव्हतं.”

मेंढपाळिणीनं तळ्याकडं पाहिलं, मग कितीतरी वेळ कलाबाईकडं.

“मग तर तुम्ही हिला खालीसुद्धा ठेवणार नाही,” ती म्हणाली आणि पोर तिच्या हातात देऊन बांध चढून गेली.

ती भरली कळशी घेऊन उतरली तेव्हा कलाबाई मातीत बसली होती. पोर तिच्या खांद्यावर झोपली होती. कलाबाई रडत होती, पण पोर उठू नये म्हणून हुंदका बाहेर पडू देत नव्हती.

“द्या, आई.”

कलाबाईनं पोर पुढं केली. पण पोरीच्या झग्याचा घोळ कलाबाईच्या मुठीत आवळलेला होता. तिनं बोटं उघडायचा प्रयत्न केला.

“मूठ सुटूनच नाही राह्यली वं,” ती म्हणाली.

मेंढपाळिणीनं पुढं केलेला हात मागं घेतला. कळशी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी मातीतच बसली.

“राहू द्या. मेंढ्या अजून चरतायत.”