चालकाच्या बाजूची काच

रिमोटवर पळणाऱ्या गाडीची बॉडी पारदर्शक प्लास्टिकची असते आणि ती आतून रंगवतात. त्यामुळे सगळं उलट्या क्रमानं चालतं: आधी ओरखडे, मग गंज, शेवटी मूळ रंग. धाकट्या लेकीचा त्यात हातखंडा होता. या खेपेला ती बाबांची जुनी टॅक्सी हुबेहूब उतरवत होती. बाबा आजारी होते. आतल्या खोलीत पडल्या पडल्या ते कुठल्या दाराला कुठे पोचा होता ते सांगत.

दुपारी तिनं रंग लागू नये म्हणून काचांवर लावलेल्या चिकटपट्ट्या सोलल्या. चालकाच्या बाजूच्या काचेवर वाफ धरली होती. तिनं फडक्यानं पुसून पाहिली, पण पुसली जाईना. वाफ आतल्या बाजूला होती.

तिनं बॉडी उचलली. खाली नुसतं कोरडं टेबल होतं. बॉडी परत ठेवली, तशी वाफ परत आली. यायची, विरायची, पुन्हा यायची.

“बाबा, जागे आहात ना?”

“आहे की. झाली का गाडी?”

“होतच आली.”

बोलता बोलता वाफ दाट झाली आणि मग विरेचना. उगाच खुळ्यासारखं काय घाबरायचं, असं मनाशी म्हणत ती आत गेली.

खिडकी सताड उघडी होती, पडदा वाऱ्यानं हलत होता. बाबा घामानं निथळत होते. त्यांचा एक हात हवेत गोल गोल फिरत होता.

“काच अडकलीये गं,” ते म्हणाले. “खाली होत नाहीये.”