शून्य अपघात

शकुबाईंचा उजवा हात नळाखाली होता आणि डाव्या हाताने त्यांनी वैशालीच्या एप्रनची बाही घट्ट धरली होती.

"बाय, वहीत लिवू नको. घरी तव्यावर भाजलं म्हनून सांग."

पाण्याखाली तळहाताची कातडी पांढरी पडून वर येत होती. मसाल्याची पाकिटं बंद करणाऱ्या मशीनची तापलेली पट्टी खाली आली, तेव्हा शकुबाईंचा हात मध्ये होता. त्या पट्टीपुढचं लोखंडी झाकण गुढीपाडव्याच्या सुमारास तुटलं होतं. ते बसवून द्या म्हणून वैशालीने तीनदा लेखी अर्ज केला होता. नवी मुंबईत, पावणे गावातल्या त्या कारखान्यात तिसऱ्या लाइनची ती प्रमुख. हाताखाली आठ बायका आणि मिरचीच्या खकाण्यात रोजचे आठ तास.

बाकीच्या सातही जणी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. शर्मिला सगळ्यांच्या वतीने बोलली. "ताई, दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय. एक नोंद पडली की सगळ्यांचाच गेला."

गेला म्हणजे बोनस. आधी तो कामावर मिळायचा. पाकिटं जास्त तर बोनस जास्त. एप्रिलमध्ये कंपनीने योजना बदलली. निशांत नावाचे नवे एचआर साहेब आले, त्यांनी पेढे वाटले आणि सांगितलं की यापुढे बोनस सुरक्षेचा. दिवाळीपर्यंत ज्या लाइनवर एकही अपघात नोंदला जाणार नाही तिला पूर्ण बोनस, आणि एक जरी नोंद झाली तरी त्या अख्ख्या लाइनला काही नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वैशालीनेही. अपघात कुणाला हवा असतो? शिवाय कोपरखैरण्याला तिच्या लेकीने, ईश्वरीने, नर्सिंगला नाव घातलं होतं. फीचा दुसरा हप्ता या बोनसमधूनच जायचा होता.

"चुकलं माजं," शकुबाई सातही जणींकडे बघून म्हणाल्या. "हात जरा पुढं गेला."

चोपन्न वर्षांची बाई, तळहात भाजलेला, आणि माफी तीच मागत होती. वैशालीच्या डोक्यात सणक गेली. तिने शकुबाईंच्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं, भिंतीपाशी जाऊन लाइनचा मेन स्विच खाली ओढला. मग टेबलाच्या खणातून अपघाताची वही काढली.

पाच मिनिटांत निशांत खाली आला. त्याने आधी बंद मशीनकडे पाहिलं, मग फडक्याकडे. आवाज मऊ केला.

"मावशी, कुठे भाजलं?"

"घरी. तव्यावर."

"झालं तर. रिक्षा बोलावतो, दवाखान्याचं मी बघतो. मॅडम, मशीन सुरू करा."

"भाजलंय इथेच, सर. झाकण नाहीये मशीनला. तीन अर्ज दिलेत मी."

"तिन्ही मी वर पाठवले. वरून एकच प्रश्न येतो, किती जणांना लागलं? मी वही दाखवतो. वहीत एक नाव नाही. मग झाकणाचा खर्च मंजूर कोण करणार?" तो हसला. "उलट मीटिंगमध्ये तुमचं कौतुक होतं. सगळ्या कारखान्यात सेफ लाइन तुमची."

शर्मिलाने मशीनच्या पट्टीकडे पाहिलं. मग तिने एप्रनच्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. मनगटापासून वर बोटभर रुंद, काळपट डाग होता.

"माझं लिहा, ताई. जूनमधलं. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं."

भाविकाने अंगठा पुढे केला. त्याचं नख अर्धंच आलं होतं. "माझं राखीच्या आठवड्यातलं." काशीने तारीख सांगितली नाही, नुसता हात टेबलावर ठेवला. मग आणखी दोघी आल्या. राहिलेल्या दोघी खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांना लागलं नव्हतं, पण ठाऊक त्यांनाही होतं.

वैशाली लिहीत होती. रोज आठ तास ती यांच्यापासून तीन हातांवर उभी राहायची. तिला हे दिसलं नव्हतं, की तिने पाहिलं नव्हतं? त्याचं उत्तर तिला देता येईना, आणि पेन कागदात रुतत गेलं.

"मॅडम, पेन ठेवा," निशांतचा मऊपणा आता गेला होता. "ही वही फॅक्टरी इन्स्पेक्टर बघतो. आणि बोनस सगळ्यांचा जाईल. तुमचाही."

वैशालीने मान वर केली नाही. "जाऊ दे. आधी झाकण बसवा. मग मशीन सुरू होईल."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर बंद राहील," हे शर्मिला म्हणाली.

निशांतने खिशातून फोन काढला आणि तो दाराकडे वळला. पाच नावं लिहून झाली होती. वैशालीने सहावं, शकुबाईंचं, आजच्या तारखेने लिहायला पेन टेकवलं.

शकुबाईंनी फडक्यातला हात वहीवर टेकवला.

"थांब, बाय. वर तीन वळी मोकल्या सोड," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यो माजा चवथा हाय."