घुमटाची फट

नवा तारा शोधला म्हणून वेधशाळेच्या सगळ्या माणसांचा गावाने भर दुपारी सत्कार ठेवला होता. झाडलोट करणाऱ्या मावशीही मंचावर होत्या, पण त्यांचा जीव घरी तापाने एकटीच निजलेल्या नातीत अडकला होता.

समोरच्या खिडकीतून टेकडीवरचा वेधशाळेचा घुमट हळूहळू फिरताना दिसला. तो हाताने फिरवायला दोन माणसं लागतात.

त्यांनी शेजारच्या मुख्य शास्त्रज्ञांना विचारलं, "साहेब, वर कोण राहिलंय?"

"कुणी नाही हो मावशी! सगळे गुच्छ सांभाळत इथेच बसलोय. किल्ली तर तुमच्याच कमरेला!"

मावशींनी कंबर चाचपली. किल्ली होती.

टाळ्या वाजत राहिल्या. घुमटाची फट उघडली. दुर्बीण आभाळ सोडून खाली झुकली, छपरांवरून सावकाश सरकत गेली आणि मावशींच्या घरावर रोखून थांबली.