द्राक्षांची चौकशी

“किती द्राक्षं खाल्ली म्हणजे कुत्रा मरतो?”

फोनवर एक बाई होत्या. आवाज दबका, शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाऊ नये असा. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासायला घेतलेलं मांजर मदतनिसाच्या हवाली केलं आणि सवयीनं विचारलं, “खाल्लीत का त्यानं? किती वेळ झाला? ताबडतोब घेऊन या, उलटी करवू.”

“नाही, तसं नाही. किती लागतात, तेवढं सांगा.”

“त्याला माप नाही, बाई. एखाद्याला चार-दोन पुरतात, एखादा अख्खा घड पचवतो. द्यायचीच नाहीत. मनुकाही नाहीत.”

“बरं,” म्हणून फोन बंद झाला.

असले फोन दवाखान्यात रोजचेच. चीज चालतं का, कांदा चालतो का, पोरीनं चॉकलेट भरवलं, आता काय करू? माणसं स्वतः काय गिळतात ते बघत नाहीत, पण कुत्र्याच्या ताटाची चौकशी करतात, याचं डॉक्टरांना हसू यायचं आणि बरंही वाटायचं. पण त्या माणसांचा जीव टांगणीला लागलेला असतो, ती अर्धं ऐकून धावत सुटतात. या बाईंना कसलीच घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. मदतनिसानं उचलला, बाईंचं बोलणं ऐकून डॉक्टरांकडे दिला.

“द्राक्षं खाल्ल्यावर लगेच कळतं का हो?”

“आधी उलट्या होतात. मग मलूल पडतो. पुढे किडनी बंद पडते. पण तुम्ही हे सगळं...”

“फार हाल होतात?”

“होतात.”

मग बाईंनी हळूच विचारलं, “नंतर कोणाला ओळखता येतं का? की किडनीचा आजार होता, असं सांगितलं तर खपून जातं?”

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. “कोण बोलतंय? नाव सांगा आधी!”

फोन कट.

मदतनिसाला दवाखान्यात सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला हळू बोलणं जमायचंच नाही. “ही बाई कुत्रा मारणार, लिहून घ्या माझ्याकडून!” असं त्यानं बाहेरच्या बाकांवरही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. डॉक्टरांनी त्याला गप्प केलं खरं, पण त्यांचंही चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मागे जवळच्याच एका गल्लीत कोणीतरी मटणाच्या तुकड्यांतून विष घातलं होतं. याच टेबलावर एकेक कुत्रा ताठ होत गेला होता आणि घालणारा शेवटपर्यंत सापडला नव्हता. त्याला निदान विष विकत आणावं लागलं होतं. या बाईला आपण फुकटात सगळी कृती सांगून बसलो, या विचारानं डॉक्टरांना जेवण गोड लागेना. कुठल्या तरी अंगणात एखादं जनावर शेपूट हलवत तिच्या हाताकडे बघत असेल, असं सारखं डोळ्यांपुढे यायचं.

आणि मग ती स्वतःच आली.

सुट्टीचा दिवस होता, बाक भरलेले, कुत्र्यांची भुंकाभुंकी चाललेली. भोंगा दार ढकलून आत आला तो डोळे वटारूनच. “डॉक्टर, द्राक्षवाली! आवाजावरून ओळखली. सोबत एक म्हातारा आहे. कुत्रा नाही.”

“पाठव आत,” डॉक्टर म्हणाले. वेळ पडली तर पोलिसांपर्यंत जायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

बाईंनी म्हाताऱ्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. त्याच्या सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत बाई बोलू लागल्या, जरा मोठ्यानंच.

“डॉक्टर, हे माझे सासरे. आमचा कुत्रा गेल्या आठवड्यात गेला. किडनीच्या आजारानं गेला, पण बाबा स्वतःलाच दोष देतात, म्हणतात, ‘मीच मारला त्याला.’ एक द्राक्ष स्वतःला, एक त्याला, असं चालायचं यांचं. कोणीतरी यांच्या डोक्यात भरवलं, की द्राक्षं कुत्र्याला विष असतात. तेव्हापासून अन्नाला शिवत नाहीत. तुम्हीच सांगा यांना, द्राक्षांनी काही होत नाही ना?”

तोंड विचारत होतं आणि डोळे हात जोडत होते.

फोनवरचा एकेक प्रश्न डॉक्टरांना आता उलटा ऐकू येत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“सूनबाई माझं मन राखायला काहीही बोलेल,” म्हातारा म्हणाला. “तुम्ही खरं सांगा. चालतात की नाही?”

खरं काय ते डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. पण ते ऐकून हा माणूस जगला नसता.

“चालतात हो, आजोबा,” ते म्हणाले. “द्राक्षांनी कुठं कुत्रा मरतो? आजारीच होता तो.”

म्हाताऱ्यानं ओंजळीत तोंड लपवलं. खांदे गदगदत राहिले. बाईंनी पिशवीतून द्राक्षांचा डबा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. “हीच खायची सोडली होती ना तुम्ही? आता तरी खा, बाबा.”

त्यानं एक द्राक्ष तोंडात टाकलं. मग दुसरं. मग उठला, डॉक्टरांच्या पाठीवर थोपटलं आणि डबा घेऊन एकटाच बाहेर गेला. चालण्यात जीव आला होता.

“तुमचे उपकार कसे फेडू?” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “मला वाटलं होतं, हेही जाणार.”

“मी तुमच्यावर भलताच संशय घेतला होता,” डॉक्टरांनी कबूल केलं. दोघंही ओशाळं हसले.

तेवढ्यात बाहेरच्या बाकांकडून आजोबांचा आवाज आला, आनंदानं भरलेला.

“घे रे राजा, घे. तूही घे गं! अहो, घाबरता काय? डॉक्टरांनीच सांगितलंय.”