निओबीचा चेहरा

नेपल्सच्या चिनीमातीच्या कारखान्यात आनिएल्लो मूर्ती घडवायचा. सगळी मुलं गमावलेल्या निओबी राणीची मूर्ती काही केल्या जमेना. "ही रडत नाहीये, नाटकात काम करतेय," म्हणून उस्ताद ती मोडायला लावायचे.

त्याच सुमारास शेजारच्या विचेन्झामावशीचा मुलगा मासेमारीला गेला आणि बुडाला. आनिएल्लो सांत्वनाला गेला, तो दिवस मावळेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिला. ओठ कसे ओढले जातात, पापणी कुठे जड होते, सगळं त्याने टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी मातीत त्याची बोटं कुठेच अडली नाहीत.

भट्टीतून मूर्ती निघाली ती झिलईवाचूनच संगमरवरासारखी पांढरी. उस्तादांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. आनिएल्लोला मात्र तिच्याकडे बघवेना.

एक दिवस मावशीच कारखान्यात आली. त्याच्यासाठी तिने अंजिरं आणली होती.

"त्या दिवशी बाकीचे माना खाली घालून दोन शब्द बोलले आणि गेले. तू तेवढा माझ्याकडे बघत बसलास. फार आधार वाटला रे."

मग तिची नजर मूर्तीकडे गेली. स्वतःचा चेहरा तिने ओळखला नाही.

"हिचं कोण गेलं?"

"मुलं. सगळी."

"बिचारी." मावशीने मूर्तीच्या गालावरून हलकेच बोट फिरवलं. "हिच्याजवळ कोणी बसलं होतं का?"

"नाही मावशी," आनिएल्लो म्हणाला. "कोणीच नव्हतं."