मधली वर्षं

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सुनेने बँकेतली नोकरी सोडली. आता नवरा घरूनच काम करायचा, म्हणून तिने पुन्हा अर्ज केला. उद्या मुलाखत होती. सासूबाईंना भरवून, कूस बदलून देईपर्यंत तिचं अंग आंबून गेलं. ती खुर्चीत टेकली तशा सासूबाई म्हणाल्या, “चल, मी साहेब झाले. सांगा बाई, मधली इतकी वर्षं काय केलंत?” “घरी आजारी माणूस आहे,” ती जांभई देत म्हणाली. “‘आहे’ म्हणालीस की नोकरी गेली. उठसूट रजा मागेल, म्हणतील. ‘होतं’ म्हण.” “आई, काहीतरीच काय!” “म्हण गं. माझं काय जातंय?” तिने त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. नजर तिथेच ठेवून ती पुटपुटली, “सासूबाई होत्या. गेल्या.” सासूबाई घसा खाकरून म्हणाल्या, “मोठ्याने बोल. साहेबांना ऐकू आलं नाही.”